काल्याचं दही आणि माझ्या पोटातली लस

मित्रांनो, मी मूर्तिजापूरच्या एका लहानशा दवाखान्यातला जुना फ्रिज. कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट झालो आहे. दाराचं रबर सैल पडलंय, त्यामुळे दार नुसतं लोटून भागत नाही, दाबावं लागतं.

आधी मी अकोल्याच्या जठारपेठेत एका घरी होतो. पोटात दूध, भाज्या, उन्हाळ्यात आमरस. लेकरं दिवसातून शंभरदा दार उघडायची. मग मोठा फ्रिज आला आणि मी जिन्याखाली गेलो. डोक्यावर रद्दी रचली गेली. तिथून डॉक्टर दीपमालांनी मला इथे आणलं, पुसलं, पोटात तापमापक ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यात फक्त लस राहील. दुसरं काही नाही."

त्या दिवशी मला देवघर झाल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात काम करणाऱ्या माणिकबाई सकाळ-संध्याकाळ माझं तापमान वहीत लिहीत. दोनाच्या खाली नको, आठाच्या वर नको. ही लस होती म्हाताऱ्या माणसांसाठी, न्यूमोनियाची. लोक हसत. शेजारच्या मंदिरात मृदंग वाजवणारे पुंजारामबाबा तर म्हणाले, "डॉक्टरीनबाई, मी काय पाळण्यातलं लेकरू हाओ?"

"बाबा, तुमचा दमा जुना. वय बहात्तर. छातीत कफ झाला तर झेपायचं नाही."

"पटलं. पण आता नोको. महिन्यावर सप्ता आला. हात दुखला तं मृदंग कोन वाजवन? काला होऊ द्या, मंग टोचा."

हात दुखतो तो एक-दोन दिवस, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. बाबा टाळमृदंगापुढे कोणाचं ऐकणारे नव्हते.

चैत्रात सप्ताह बसला. सात दिवस बाबांची थाप भिंतीतून माझ्या पत्र्याला ऐकू येई. कीर्तन रंगात आलं की मी माझी घरघर आवरून धरी. काल्याच्या आदल्या दिवशी ऊन फार होतं. दही आंबू नये म्हणून माणिकबाईंनी भक्तिभावाने हंडी माझ्यात ठेवली. सकाळी घाईघाईने काढून नेली आणि दार दाबायचं राहिलं. काल्यासाठी दवाखाना बंद होता. मी दिवसभर उघड्या तोंडाने तापत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबा शब्दाप्रमाणे बाकावर येऊन बसले. माणिकबाईंनी तापमापक पाहिला. सोळा! लस दिसायला तशीच होती. वहीत पाच लिहिलं असतं, तर कोणाला कळलं असतं? पेन थांबला. मग त्यांनी सोळाच लिहिलं.

"मॅडम, मीनंच दही ठेवलं होतं," त्या हलकेच म्हणाल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. सगळी लस बाजूला काढली. "बाबा, आज नाही. नवी येईपर्यंत थांबा."

बाबा हसले. "पाहा, देवानंच सुई चुकवली!"

त्यानंतर सहाव्या दिवशी त्यांना ताप भरला. दम लागला, न्यूमोनियाच निघाला, अकोल्याला न्यावं लागलं. माणिकबाई माझ्या दाराला टेकून रडल्या. डॉक्टर म्हणाल्या, "माणिकबाई, त्या दिवशी टोचली असती तरी ताकद यायला पंधरा दिवस लागतात. महिनाभर आधीच टोचायला हवी होती."

तीन आठवड्यांनी बाबा परतले. पण श्वास अर्धाच घेऊन. गळ्यात मृदंग अडकवला की धाप लागे. बरं वाटू लागल्यावर ते लस घ्यायला आले. त्यांची बाही वर करताना माणिकबाईंचे डोळे पुन्हा भरले.

"काहून रडतं, माणिक? दही तं देवाचं होतं. उशीर माहा होता."

यंदा सप्ताहाची वीणा उभी राहण्याच्या महिनाभर आधी बाबा भजनी मंडळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन आले. बाकावर जागा पुरली नाही. कोणी कुरकुरलं की बाबा म्हणत, "देवाचं नाव घ्याले पयले श्वास लागते, गड्या."

सप्ताहात मृदंग दुसऱ्याच हातांनी वाजला. बाबा खांबाला टेकून मांडीवर बोटांनी ताल धरत होते, असं माणिकबाई सांगत होत्या. मला फक्त एवढंच कळलं की भिंतीतून येणारी थाप ओळखीची नव्हती.

मित्रांनो, घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि कोणती लस राहिली आहे, ते विचारा. सणवार, लग्नकार्य झाल्यावर बघू, असं म्हणू देऊ नका. आणि कधी इकडे आलात, तर जाताना माझं दार तेवढं दाबून लावा.