जर्व्हेसची कोरी बाजू

चर्चमधून आल्या आल्या विनिफ्रेडने वाटाण्याचं कालवण विस्तवावर ठेवलं आणि गाण्याचं पुस्तक टेबलाच्या मधोमध उघडलं. नवऱ्याला, जर्व्हेसला, पुरून तीन आठवडे झाले होते. गायचं कसं, गाणं रचायचं कसं, हे सगळं सांगणारं असलं छापील पुस्तक लडलो गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यातल्या गाण्यांचे चार आवाज चार दिशांना तोंड करून छापलेले. चौघांनी टेबलाभोवती बसायचं आणि आपल्यासमोरचं गायचं.

शेवटच्या कोऱ्या पानावर जर्व्हेसने स्वतःचं गाणं त्याच रीतीने उतरवलं होतं. सर्वांत वरचा आवाज विनिफ्रेडचा, मग मुलीचा, थॉमसिनचा, मग जर्व्हेसच्या धाकट्या भावाचा, अँब्रोजचा. स्वतःची खर्जाची बाजू तेवढी कोरी. "माझं माझ्या घशात आहे, शाई कशाला नासू?" असं म्हणायचा मेला. आता घसा गेला आणि उभ्या जन्मात रचलेलं एकुलतं एक गाणं लंगडं झालं. ते असंच विसरलं जाणार, या विचाराने विनिफ्रेडला घास जात नव्हता.

अँब्रोज चर्चमध्ये गाणं शिकवायचा. पुस्तकाचे नियम धरून त्याने वेगळ्या कागदावर खर्ज रचून आणला होता. भावाच्या खुर्चीत बसायचा धीर त्याला होईना, म्हणून तो उभ्यानेच गायला; विनिफ्रेड आणि थॉमसिन आपापल्या जागी बसून आपापली बाजू गात होत्या. तिसऱ्या ओळीवर विनिफ्रेड थांबली.

"भाऊजी, इथे हे नाहीत."

"वहिनी, नियमात चोख बसतंय की!"

"तेच तर. हे इथे असे खाली यायचे." तिने आपल्या बायकी आवाजात ते दोन सूर गाऊन दाखवले. "दर खेपेला मी टोकायची, की पुस्तकात मना आहे."

"आहेच मना." अँब्रोजने पानं उलटली. "तुमचा सूर आणि खर्ज, दोघं पाच सुरांचं अंतर राखून लागोपाठ बरोबरीने चालतात. दादाला एवढंही कळू नये?"

"पण बरोबरीने चाललं तर बिघडतं काय?" थॉमसिनने विचारलं.

"अगं, मग दोन गळे वेगळे ऐकूच येत नाहीत. एकच होऊन जातात."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. विनिफ्रेडने टेबलाची कड घट्ट धरली. वीस वर्षं ती टोकत आली होती आणि वीस वर्षं तो हसून म्हणत आला होता, "राहू दे गं तेवढं."

"चूक आहे, वहिनी," अँब्रोज हळूच म्हणाला.

"असू दे. तीच लिहा."

कोरी बाजू जर्व्हेसच्या जागेकडे तोंड करून होती, त्यामुळे लिहायला त्याच्याच खुर्चीत बसावं लागणार होतं. अँब्रोजने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि बसला.

विनिफ्रेडने शाईची दौत त्याच्यापुढे सरकवली.