मिर्ताच्या नावेचं पातं

“आवर की लोरेदाना! एक वाजता वारा सुटेल, शर्यत सुरू होईल, आणि तू अजून नाणं वाजवत बसलीयस!” मिर्ता दारातूनच ओरडली.

लोरेदाना आडव्या केलेल्या नावेच्या पात्यावर नाण्याने टकटक करत होती. वेग आला की या कार्बनच्या पात्यावर अख्खी नाव पाण्यातून वर उचलली जायची. सगळीकडे खणखणीत आवाज येत होता. पातं दांड्याला जोडलेलं होतं तिथे मात्र बद्द.

क्षणभर तिला बरं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी वडिलांचा उजवा हात लुळा पडला आणि सरोवरकाठच्या तोर्बोले गावातली त्यांची ही नावदुरुस्तीची कार्यशाळा कुणीतरी चालवायला हवी होती. मिर्ता तेव्हा एकोणीस वर्षांची; तिला शीड धरायला लोरेदानानेच शिकवलं होतं. तेव्हापासून एकीने नावा दुरुस्त केल्या, दुसरीने पळवल्या. आता गिऱ्हाइकं विचारायची, “मिर्ताची बहीण ना तू?”

“आतून तडा गेलाय,” लोरेदाना म्हणाली. “आज नाही जायचं.”

“कुठेय तडा? मला तर दिसत नाही.” मिर्ताचा चेहरा लाल झाला. “माझी शर्यत असली की बरोबर तुला काहीतरी सापडतं. खरं सांग, जळतेस ना माझ्यावर?”

“जळते,” लोरेदाना म्हणाली. “रोज जळते. पण तडा खरा आहे.”

तिने पातं सोडवून बाकाच्या कडेवर टेकवलं आणि दोन्ही हातांनी भार दिला. काडकन दोन तुकडे झाले. आतला थर ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटला होता.

मिर्ता मटकन खाली बसली. भर वेगात हे तुटलं असतं तर काय झालं असतं, ते दोघींनाही कळत होतं. जोडून वाळायला एक दिवस लागणार होता, आणि हाताशी दोनच तास होते.

लोरेदाना शिडी चढली. आढ्याला तिचं स्वतःचं, शर्यतींच्या दिवसांतलं पातं फडक्यात गुंडाळून टांगलेलं होतं. ते कुणाला द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. जुन्या घडणीचं असल्यामुळे ते खाचेत सैल बसत होतं. तिने दोन पातळ पट्ट्या घालून घट्ट केलं, कडा घासली, स्क्रू आवळले.

“डावीकडे जरा ओढतं,” ती म्हणाली. “वळताना घाई करू नकोस.”

“लोरे...”

“जा आता.”

दुपारी ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. सातव्या क्रमांकावर असलेली मिर्ता खुणेच्या बोयाला वळसा घालून किनाऱ्याजवळून आली. नाव पाण्यावर तरंगत नव्हतीच, उडत होती. झुळकीने ती डावीकडे ओढली गेली, आणि मिर्ता तोल सावरायला बाहेर झुकायच्या आत धक्क्यावरच्या लोरेदानाचं अंग आपोआप मागे कललं, गुडघे वाकले, मुठी आवळल्या गेल्या.

“ओ बाई,” शेजारचा म्हातारा तिचा दंड धरत म्हणाला, “पडाल ना पाण्यात!”