चारशे नव्व्याण्णवचं यार्ड

गेम विकायला काढायचा शुक्रवार उजाडला, तरी बहीणभावांत किंमत ठरली नव्हती. रॉबिन चारशे नव्व्याण्णव रुपयांवर अडून बसला होता. रूथचं म्हणणं एकच, शेवटचं यार्ड, म्हणजे गेममधलं शेवटचं कोडं, काढून टाक, नाहीतर एवढे पैसे मागू नकोस. आदल्या संध्याकाळी फोनवर शब्दाने शब्द वाढला आणि फोन ठेवता ठेवता रॉबिन म्हणाला, "ताई, खरं सांगू? तुला ते सुटायलाच नकोय."

रूथ शिरूरला शिक्षिका होती. सकाळी शाळेत रजा कळवली आणि शिरूरच्या डेपोतून दौंडची एसटी पकडली. गेम संध्याकाळी सहाला दुकानात लागणार होता. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं, जिथे जगभरातली माणसं असले खेळ विकत घेतात. एकदा लागला की मग बोलून उपयोग नव्हता.

खेळ दिसायला साधा होता. पडद्यावर वरून दिसणारे रेल्वेचे रूळ, एक इंजिन, थोडे डबे. डबे सांगितलेल्या क्रमाने लावायचे, गार्डचा डबा सगळ्यांत मागे ठेवायचा आणि गाडी यार्डाबाहेर काढायची. घड्याळ नाही, गुण नाहीत, कुणी मरत नाही. एक यार्ड सुटलं की त्याहून अवघड दुसरं. यासाठी रॉबिनने रांजणगावच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती.

कोडी मात्र त्याची नव्हती, पप्पांची होती. पप्पांची, म्हणजे दानिएल मास्तरांची, उभी हयात दौंडच्या यार्डात शंटिंग करण्यात, इंजिनाने डबे जोडण्या-तोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते जेवणाच्या टेबलावर खडूने रूळ आखायचे, काडेपेट्यांचे डबे करायचे आणि रॉबिनला म्हणायचे, "काढ गाडी भाईर. घाई न्हाई, डबे कुठं पळून जात न्हाईत." तो अडला तर सांगायचे नाहीत. बशीत चहा ओतून शांतपणे पीत बसायचे. अशी एकेक करत यार्डं जमत गेली, रॉबिन ती गेममध्ये बसवत गेला आणि रूथने त्यातला मराठी मजकूर लिहून दिला. तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं.

शेवटचं यार्ड पप्पांनी आजारपणात मांडलं. रक्तातलं सोडियम उतरलं होतं, बोलणं भरकटायचं. रॉबिनला ते भिमाजी म्हणून हाक मारत. भिमाजी त्यांच्या हाताखालचा सांधेवाला, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारा, वारून कितीतरी वर्षं झालेली. रॉबिनच्या बायकोला, ग्रेसला, ते नगरची मालगाडी आली का म्हणून विचारत. अशाच एका दुपारी त्यांनी काडेपेट्या मागून घेतल्या, बराच वेळ खपून यार्ड मांडलं आणि एवढंच म्हणाले, "हे आपलं दौंड. सुटंल." रॉबिनने मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पुण्याला हलवायला सांगितलं. पप्पा नको म्हणाले. रॉबिन घुटमळला. रूथ थोरली, निर्णय तिच्यावर आला. जो माणूस पोटच्या पोराला ओळखत नाही त्याच्या हो-नकोला काय धरायचं, असं म्हणून तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. पप्पा पुण्याहून जिवंत परतले नाहीत. शेवटी शेवटी त्यांनी नळ्या उपसू नयेत म्हणून हात कॉटला बांधले होते आणि भेटायचं ते ठरल्या वेळी, काचेच्या दारातून.

आणि ते यार्ड सुटेना. रॉबिनने फोटोवरून ते जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं होतं. विक्रीआधी खेळून बघायला दिलेल्यांपैकी एकालाही ते सुटलं नाही. मग रॉबिनने एक प्रोग्रॅम लिहिला. इंजिनाच्या होतील तेवढ्या सगळ्या हालचाली तो करून बघायचा. प्रोग्रॅमचं उत्तर आलं, मार्ग नाही. खेळून बघणाऱ्या एकाने लिहिलं होतं, 'बाकी सगळं उत्तम. पण न सुटणारं कोडं शेवटी ठेवून पूर्ण किंमत घेणं ही फसवणूक आहे.' रूथने ते वाक्य उचललं आणि पुन्हा पुन्हा वापरलं. ते खरंही होतं. लोक विश्वासाने पैसे मोजतात, कोड्याला उत्तर असणार एवढंच त्यांनी धरलेलं असतं.

पण त्या खऱ्याच्या आडोशाला ती उभी होती, हे रॉबिनने बरोबर हेरलं होतं. यार्ड सुटत नसेल, तर पप्पांचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं आणि तिने केलं ते रास्त होतं. सुटत असेल, तर नको म्हणणारा माणूस शुद्धीवर होता.

न्हावऱ्याच्या स्टँडवर काहीतरी बांधकाम निघालं होतं. खडी आणि सळया पडलेल्या, पुढून निघायची वाट बंद. गाडी आत गेली, माणसं चढली-उतरली आणि कंडक्टर खाली उतरून मागे जाऊन उभा राहिला. एक म्हातारबा दारात लोंबकळत विचारत होते, "आरं, गाडी परत शिरूरला चालली का काय?"

"बसा आबा, जीव खाऊ नका," कंडक्टर म्हणाला. "आत आली तशीच भाईर निघायची. मग लागंल दौंडला." त्याने शिट्टी तोंडात घातली आणि गाडी मागे घ्यायला लावली.

रूथ खिडकीतून बघत होती. गाडी मागे मागे सरकत आल्या वाटेने रस्त्याला लागली.  तिने पर्समधून मोबाइल काढला आणि रॉबिनने पाठवलेला काडेपेट्यांचा फोटो उघडला.

रॉबिनच्या गेममध्ये प्रत्येक गाडी डावीकडून यायची आणि उजवीकडून जायची. सगळ्या यार्डांत तसंच होतं, खेळणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. दौंडही त्याने त्याच सवयीने मांडलं. पण नगरकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडात तशी कधी जात नव्हती. ती यार्डाच्या ज्या तोंडाने आत यायची त्याच तोंडाने बाहेर पडायची. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मागचा डबा पुढचा व्हायचा. दौंडच्या कुठल्या माणसाला हे सांगावं लागतं? आता कितीतरी गाड्या कॉर्ड लाइनवरून गावाबाहेरूनच परस्पर निघून जातात, म्हणून रॉबिनच्या नजरेतून सुटलं असेल. पप्पांनी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फोटोत वाट कुठेच दाखवलेली नव्हती. सांधे मात्र झाडून सगळे डावीकडे तोंड करून होते.

तिने मोबाइल पालथा घातला आणि मांडीवर दाबून धरला.

उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडली. गेममधली वाट चुकली आहे हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं. प्रोग्रॅम नाही म्हणाला होता, खेळणारे नाही म्हणाले होते. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं, आणि एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईला स्वतःची समजूत घालायला शब्द कमी पडले नसते. भीमेच्या पुलावर येईपर्यंत तिने ती समजूत जवळजवळ घातलीही होती. अजून सुटलं कुठे आहे, ती स्वतःला म्हणत होती. नुसती दिशा बदलून काय होतंय.

दार ग्रेसने उघडलं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, आज त्यांना काही बोलू नका. सकाळपासून जेवले नाहीयेत."

रॉबिन कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला की त्याने शेवटचं यार्ड काढलं आहे आणि किंमत दोनशे नव्व्याण्णव केली आहे. रात्रभर विचार केला, तिचंच बरोबर होतं. आपल्या माणसाची माया म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात खोटं कोडं मारता येत नाही.

"जिंकलीस तू," तो म्हणाला. "जेवून जा आता."

ग्रेसने ताटं घेतली. रूथने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तिच्या हातातच राहिला. समोर खडूने घासून घासून पांढुरकं झालेलं टेबल होतं. तिने फक्त गुपचूप जेवायचं होतं, बाकी काही करायची गरज नव्हती.

"ते परत लाव," ती म्हणाली.

"काय?"

"दौंड. परत लाव आणि गाडीची वाट डावीकडे कर. आली तिकडूनच जाऊ दे."

 रॉबिनचा चेहरा उतरत गेला. दौंडात जन्मून, दौंडात वाढून त्याने ही चूक केली होती. आयला, असं काहीतरी तो पुटपुटला आणि ताटावरून उठला. वाट फिरवायला त्याला फार वेळ लागला नाही. प्रोग्रॅम लावू या का, असं ग्रेसने विचारलं. तो म्हणाला, नको, हे हातानेच काढणार.

त्याने इंजिन सोडवलं, बाजूच्या रुळावरून फिरवून डावीकडे आणलं. गार्डचा डबा ओढून एकीकडे ठेवला. उघडे डबे एका रुळावर, बंद डबे दुसऱ्यावर. जे आठवडे आठवडे मुंगीलाही जागा देत नव्हतं ते यार्ड आता ढिलं होत चाललं होतं. रूथ त्याच्या खुर्चीमागे उभी होती. 

मग तो अडला. तेलाचा टँकर मधोमध राहिला होता आणि कुठूनही गेलं तरी त्याच्यावरच येऊन थांबत होतं. रॉबिनने मागे घेऊन पाहिलं, पुन्हा मांडून पाहिलं. शेवटी माऊस सोडून दिला. "न्हाई, ताई. नुसती दिशा चुकलेली नव्हती. हे न्हाईच सुटत."

रूथच्या छातीवरचं ओझं उतरलं. मोकळा श्वास आला, आणि त्या मोकळेपणाचीच तिला शिसारी आली. ती पडद्याकडे बघत राहिली. उत्तर तिला दिसत होतं, मघापासून दिसत होतं. जुळवलेली अर्धी गाडी पुन्हा तोडायची होती. एवढ्या मेहनतीने लावलेले डबे कुणी आपण होऊन विस्कटत नाही, म्हणून ते कुणाला सुचत नव्हतं.

"टँकर सोड," ती म्हणाली. "लावलेले डबे तोड. दोन मागे ढकल, आत."

"केलेलं सगळं मोडंल."

"मोडू दे."

त्याने मोडलं. मागच्या रुळावर जागा झाली, टँकर तिकडून निघाला, तोडलेले डबे त्याच्या मागे येऊन लागले. सगळ्यांत शेवटी इंजिनाने गार्डचा डबा फिरवून नेला आणि पलीकडच्या टोकाला जोडला. इंजिन परत पुढे आलं. गाडी डावीकडे सरकू लागली, एकेक डबा पडद्याच्या कडेला नाहीसा झाला आणि रूळ रिकामे राहिले.

 ग्रेस तोंडाला पदर लावून आत गेली.

"म्हंजी पप्पा शुद्धीत होते," रॉबिन म्हणाला.

"होते."

तो तिच्याकडे वळला. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्याचा कालचा आवाज पार गेला होता. घाईघाईने सांगू लागला की सोडियम खालीवर व्हायचं, डॉक्टरच म्हणाले होते. यार्ड मांडलं त्या दिवशी बरे असतील, ॲम्ब्युलन्स आली त्या दिवशी नसतीलही. त्याला तर शेवटपर्यंत ते भिमाजीच म्हणत होते.

"तुला म्हणत होते," रूथ म्हणाली. "मला नाही. तू खाली ॲम्ब्युलन्स बघायला गेला होतास तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, रूथ, पुण्याला नको नेऊ. नाव घेऊन म्हणाले."

रॉबिनने मान खाली घातली. त्याला म्हणण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते ऐकून घ्यायच्या तयारीने ती उभी होती.   पण त्याने बाजूची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली आणि ती बसली.

सहा वाजायला आले होते. त्याने यार्ड पुन्हा शेवटच्या जागी बसवलं, किमतीच्या चौकटीतला आकडा खोडून चारशे नव्व्याण्णव लिहिला आणि हात माऊसवर तसाच धरून विचारलं, "लोक महाग म्हणतील. टाकू?"

"टाक," रूथ म्हणाली.