कोरड्या गॉजवरची दाढ

दाढ मारली दातांच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखाने आणि आळ घातला पोरीच्या रक्तावर. चोर तो चोर, वर शिरजोर. फरक एवढाच की या चोराच्या दारावर पदव्यांची पाटी होती.

पोर म्हणजे लॅबवालीची भाची. वय एकोणीस. किडून पोखरलेली दाढ काढायची आणि त्या जागी पोरीचीच अक्कलदाढ उपटून लावायची, असं ठरलं होतं. लॅबवालीचं काम रक्ताचं. नळीभर रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, तांबड्यावर पिवळा थर आला की अलगद उचलायचा. जखम भरून आणणाऱ्या प्लेटलेट्स त्यातच. वर कॅल्शियमचा थेंब पडला की तो थर खळीसारखा होतो. तसाच दाढेच्या खड्ड्यात घालायचा, उशीर झाला की रबर. म्हणून डॉक्टर "दे" म्हणाल्याशिवाय ती थेंब टाकत नसे.

"मावशी, दुखेल का गं?"

"तोंड बंद ठेवलंस तर नाही."

"मग दाढ काय कानातून बसवणार?"

प्रमुख आले ते पाहुणे आणि कॅमेरा घेऊन. अक्कलदाढ काढली मात्र सुरेख. माणसाची सगळी अक्कल बोटांत उतरली होती, वर काही उरलं नव्हतं. "दे," म्हणाले. हिने थेंब टाकला. तेवढ्यात साहेबांना वाटलं, आपल्या तोंडावर उजेड कमी पडतोय. दिवा सरकवला, परत सरकवला. मग पाहुण्यांपुढे भाषण. दाढ कोरड्या गॉजवर पडून.

"साहेब, मुळावरचा पापुद्रा सुकतोय. तो मेला की मूळ झिजतं. सलाइन घालते."

"नको. ओली दाढ फोटोत चकाकते."

"मग निदान दुसरी नळी फिरवते. ही खळ कडक झाली."

"बाई, तुम्ही रक्त फिरवा, दात आम्ही बघतो."

पाहुणे हसले. बोलावलेली माणसं हसतातच. साहेबांनी तो रबराचा गोळा चिमट्याने खड्ड्यात कोंबला, वर दाढ बसवली आणि अंगठा दाखवून फोटो काढला.

पाच महिन्यांत मूळ झिजून संपलं. दाढ काढावी लागली. पोर आता तोंडावर हात धरून हसते.

आज प्रमुखांनी लॅबवालीला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता: रुग्णाच्या रक्तातच दोष, जखम भरण्याची क्षमता नाही.

"सही करा. रक्ताची थोडीच बदनामी होते?"

तिला त्या दिवसाचा रिपोर्ट तोंडपाठ होता, प्लेटलेट्स भरपूर. आणि पोरीची दुसरी अक्कलदाढ अजून शाबूत होती, रिकाम्या जागी लावण्याजोगी. हा कागद फाइलला लागला की कुठलाही डॉक्टर तिला हात लावणार नव्हता. जन्मभराची खिंड, या दिवट्याच्या फोटोपायी.

तिने कागद उलटा केला आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"माझी सही राहू द्या. आधी तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात. पोरीची दाढ त्या गॉजवर किती मिनिटं कोरडी पडली होती? बघता काय साहेब, किती मिनिटं?"