द्वारकाबाईंच्या गाडीची टकटक

“दोनदा इंजिनाचे टॅपेट सेट करून दिले, तरी टकटक आहे ती आहेच. आमच्या सासूबाईंनीसुद्धा इतकं टोकलं नव्हतं मला.”

द्वारकाबाई बॉनेटकडं बघून पुटपुटल्या. हातभर अंतरावर धम्मपाल मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यांची लेक विशाखा मात्र लगबगीनं दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

शहागंजच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज तीस वर्षं धम्मपालांच्या कानावर चाललं होतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. डोळे उघडले की निदान तयार. अलीकडं कान मंदावला होता. हे घराला ठाऊक, गल्लीला ठाऊक. चहावाला कडुबा तर हाका मारायचं सोडून ग्लास थेट हातात आणून द्यायचा. पण बोलणार कोण? कान गेला म्हणायचं म्हणजे मिस्त्रीच गेला म्हणायचं.

म्हणून विशाखानं युक्ती काढली होती. बाबांनी डोळे उघडले की ती समोर उभी राहायची आणि स्वतः ऐकून बांधलेला अंदाज ओठ नीट हलवत विचारल्यासारखा सांगायची, “बाबा, टॅपेटच ना?”

“व्हय, टॅपेटच.”

दोघांची इज्जत राहायची. या गाडीवर मात्र तिचा अंदाज दोनदा फसला, आणि नाव बाबांचं खराब झालं. त्यात द्वारकाबाई निवृत्त शिक्षिका. चूक दिसली की अजून हात तांबड्या शाईकडं जायचा.

“सकाळी गार असली की लई वाजते, गुलमंडी ओलांडली की गप्प,” बाई म्हणाल्या. “आज नाय जमलं तर दुसरा मिस्त्री बघते बाई मी.”

गाडी सुरू झाली. टक-टक-टक. धम्मपालांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले, उघडले. विशाखानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिसऱ्यांदा अंदाज ठोकायची हिंमत होईना.

धम्मपाल लेकीकडं बघत राहिले. मग पेचकस खाली ठेवून, इंजिन तापायच्या आत, त्यांनी तळहात मॅनिफोल्डच्या, म्हणजे धुराच्या नळ्यांच्या सांध्यालगत धरला आणि हळूहळू पुढं सरकवला, झोपलेल्या तान्ह्याचा श्वास चाचपावा तसा. तिसऱ्या बोल्टपाशी हात थांबला.

“इथं फुंकतीय. काजळी बघा. सायलेन्सरात जायचा धूर फटीतून निसटतोय. लोखंड तापून फुगलं की फट बंद. टॅपेटचा काय गुन्हा नाय.”

“अहो, तेच तर सांगत होते मी!” द्वारकाबाई म्हणाल्या, पण मिस्त्री पुन्हा वाकले होते.

इंजिन गार होऊ दिलं. सांध्यातली जळकी पट्टी, गॅस्केट, खरवडून काढली, सांधा घासून लख्ख केला, नवं गॅस्केट बसवलं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळले.

“एकदम आवळलं की एक कोपरा रुसतो,” ते म्हणाले.

किल्ली फिरली. इंजिन नुसतं गुणगुणलं. द्वारकाबाईंचा चेहरा खुलला, चहा घेऊन आलेला कडुबाही हसला. पण सगळे मिस्त्रींच्या तोंडाकडं बघत होते.

धम्मपालांचा हात सवयीनं पेचकसाकडं गेला आणि मधेच थबकला. ते विशाखाकडं वळले.

“गेला का आवाज?”

“बाबा, तुम्हीच बघा ना...”

“मला ऐकू येत नाय, पोरी. दोन वर्षं झाली. आता मला रोग सांगत जाऊ नको. आवाज कसा येतो, तेवढं सांग.”