पट्टी धरत नाही

"पट्टी धरत नाही, इंजिनियरबाई. दहा अंश वाढवतो." यंत्र चालवणाऱ्या वर्बाटांचा हात बटणावर गेलासुद्धा. चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या कार्यशाळेत तीस वर्षं त्यांनी पिशव्यांचं प्लास्टिक वितळवलं होतं. माल अडला की उष्णता वाढवायची, ही सवय हाडांत मुरलेली.

"नको, उस्ताद!" झ्दिस्लावा ओरडली. पण तोवर यंत्राच्या तोंडातून प्लास्टिकच्या पट्टीऐवजी पातळ पाक गळायला लागला होता. आंबट वास सुटला.

"हे काय, सूप?"

"जिवाणूंनी केलेलं प्लास्टिक आहे हे. वितळण्याच्या जरा वर गेलात तरी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. तापवाल तेवढं पातळ."

खानावळीतल्या तळणाच्या जुन्या तेलावर जिवाणू पोसून तिने वर्षभरात दोन किलो भुकटी जमवली होती. आता अर्धा किलो उरली होती. शुक्रवारी विभागप्रमुख पट्टी हातात घेऊन ठरवणार होत्या, हे काम चालू ठेवायचं की बंद. आज मंगळवार.

पण उष्णता वाढवण्याआधीही पट्टी तुटतच होती, आणि हिवाळ्यातल्या भुकटीची पट्टी तापमानाच्या त्याच आकड्यावर छान निघाली होती. मग बदललं काय? वही चाळताना तिचं बोट भुकटी धुण्याच्या नोंदीवर थांबलं. एप्रिलात शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं, म्हणून शेवटचं धुणं तिनेच नळाखाली उरकलं होतं.

तिने चिमूटभर भुकटी मुशीत जाळली. खरं तर काहीच उरायला नको होतं. तळाशी पांढरी राख उरली.

"नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम," ती म्हणाली. "त्याने साखळ्या लवकर तुटतात. चूक माझी, उस्ताद."

"अर्धी माझी. आता काय? आमची ही किटलीतला थर व्हिनेगरने काढते."

"मीही तेच करणार. सौम्य आम्ल, मग शुद्ध पाणी, मग वाळवणं."

गुरुवारी वर्बाटांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आकडा तुम्ही लावा."

पट्टी आली, दुधी आणि सलग. वीतभर, मग हातभर. त्यांनी ती बोटाला गुंडाळून ओढली.

"धरली! एक तुकडा मला हवा, टोमॅटोची वेल बांधायला."

"मातीत पडला तर कुजेल हं."

"मग तर दोन द्या. दर शरदात जुन्या दोऱ्या वेचून कंबर मोडते."

तिने त्यांना बोटभर तुकडा कापून दिला. बाकीची पट्टी शुक्रवारसाठी जपून गुंडाळली.