घोड्यांच्या डॉक्टरांचं पदक

दुकानांतली वजनं तपासायच्या सरकारी नोकरीत मी एकतीस वर्षं काढली. दुकानदार जितका गोड हसायचा तितकी त्याची वजनं मी जास्त वेळ उलटी करून बघायचो. निवृत्त झालो तरी उलटं करून बघायची खोड काही गेली नाही. ती मंगोलियाच्या पदकांकडे वळली.

सगळ्या पदकांकडे नाही. त्या देशानं परक्या माणसांना दिलेली तेवढीच माझी. कुणी तिथं जाऊन विहिरी खणल्या, कुणी पूल बांधले, कुणी लोकांचे दात उपटले, आणि त्याबद्दल छातीवर लावायला काहीतरी घेऊन घरी आले. पदकाच्या मागे आकडा कोरलेला असतो. सोबत एक छोटी पुस्तिका असते. तिच्यात नाव, तारीख आणि तोच आकडा. पुस्तिका बहुतेक घरांत हरवलेली असते. ज्या सापडल्या त्यांवरून मी दोनशे अकरा पदकांचा तक्ता केला, कुठला आकडा कुठल्या साली दिला गेला याचा. "मागची बाजू दाखवा, साल सांगतो," असं मी आमच्या संग्राहक मंडळात म्हणायचो आणि सांगायचोही.

मंडळ म्हणजे नऊ माणसं, वाचनालयाच्या वरची एक खोली आणि वर्षातून चारदा निघणारं सोळा पानी पत्रक. नवांपैकी तिघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण बैठक कुणी चुकवत नाही. गैरहजर माणसाच्या संग्रहाबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सगळ्यांनी ते बोललेलं आहे.

चार वर्षांपूर्वी पेपरात एका म्हाताऱ्या गुरांच्या डॉक्टरांचा फोटो आला. तरुणपणी तीन वर्षं मंगोलियात घोड्यांच्या साथीवर काम केलं, पदक मिळालं, असा मजकूर, जाण्या-येण्याच्या सालांसकट. शेजारी पदकाचे दोन फोटो, पुढून आणि मागून. मी भिंग लावलं, आकडा तक्त्यात बसवला. तो पडला डॉक्टर परत आल्यानंतर दोन वर्षांनी! म्हणजे गृहस्थ तिथं नसताना पदक दिलं गेलं. म्हणजे ते त्यांचं नव्हे. मागाहून बाजारातून घेतलेलं. मी तसा लेख लिहिला. पत्रकानं पहिल्या पानावर छापला. नाव घातलं नव्हतं, पण घोड्यांचे डॉक्टर गावात दोन थोडेच असतात? डॉक्टरांना फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. बैठकीत टाळ्या पडल्या आणि पुढच्या वर्षी मला चिटणीस केलं.

यंदा एका परदेशी संग्राहकाचं पत्र आलं. त्याच्याकडे एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं पदक होतं, पुस्तिकेसकट. आकडा डॉक्टरांच्या आकड्याहून सातनं पुढे. इंजिनिअर मायदेशी परतल्यावर दोन वर्षांनी ते त्याला टपालानं आलं होतं, पाकीटसुद्धा जपलेलं. घरी परतलेल्यांची नावं मागाहून एकत्र मंजूर झाली होती. पदक लावताना माणूस समोर उभा असतोच, असं मी धरून चाललो होतो. तक्ता बरोबर होता. तो वाचणारा चुकला होता.

मी दुरुस्ती लिहिली. बाराव्या पानावर, तळटीप, बारीक टाइप. आमच्या पत्रकाची मुद्रितं बायको तपासते. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे लाल पेन तिच्या हातातच उगवल्यासारखं आहे.

"अहो, हे काय?"

"दुरुस्ती."

"बदनामी पहिल्या पानावर आणि माफी मुंग्यांच्या पायाएवढी?"

"अभ्यासात असंच देतात."

"मग अभ्यास राहू दे. चप्पल घाला आणि त्यांच्या घरी जा."

मी आठ दिवस काढले. कधी गुडघा दुखला, कधी ऊन होतं. शेवटी तिनंच फोन करून वेळ ठरवली.

दार डॉक्टरांच्या मुलीनं उघडलं. पन्नाशीची, घरीच शिवणकाम करणारी; गळ्यात मापाची फीत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं ती फीत काढली आणि नीट गुंडाळत राहिली.

"चार वर्षं लागली तुम्हाला," ती म्हणाली. "बाबांना अलीकडे विसरायला होतं. काय बोलायचं ते जपून बोला."

डॉक्टर खिडकीजवळ पलंगावर बसले होते. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "पदक बघायला आलात ना? दाखवतो. पण आधी एक सांगायला पाहिजे. ते माझं नाही."

मी मुलीकडे पाहिलं. ती शिवणयंत्राकडे पाहत होती.

"विकत घेतलं मी," डॉक्टर म्हणाले. "कुठून, ते आता आठवत नाही. काम केलं होतं हो, घोडे बघितले, पण पदक काही मिळालं नव्हतं. मोह झाला असणार. हे बघा." त्यांनी उशाखालून घडी घातलेलं पत्रक काढलं. घड्यांच्या रेघांवर अक्षरं उडाली होती. "एका मोठ्या अभ्यासकानं शोधून काढलंय. आकड्यानिशी. आपण काय बोलणार?"

"डॉक्टरसाहेब, तो अभ्यासक मी," मी म्हणालो. "आणि ते चूक आहे. पदक तुमचंच. टपालानं आलं होतं तुम्हाला."

त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली. मग उठू लागले. मला वाटलं, हाकलणार. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"तुम्हाला एवढी तसदी पडली माझ्यामुळे," ते म्हणाले. "क्षमा करा. म्हाताऱ्याची पोरीसमोर शोभा नको म्हणून बोलताय, कळतंय मला. पण तिला सगळं माहीत आहे. मीच सांगितलंय."

मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. "सुरुवातीला चिडायचे," ती म्हणाली. "पार्सल आलं तेव्हा आई कशी नाचली, ते सगळ्यांना सांगायचे. कुणी मान हलवायचं, कुणी हसायचं. डॉक्टर-मित्रांच्या जेवणाला जाणं सोडलं. मग रोज तो कागद वाचायला लागले. वाचता वाचता पार्सल गेलं डोक्यातनं, कागद राहिला. आता पाहुणा आला की कबुली. टपालवाल्यालासुद्धा."

"मी काय करू, ताई?"

"छापा. पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, त्यांच्या नावानिशी. कागदाचंच ऐकतात ते आता."

मी छापलं. तळटीप काढली, स्वतःचं नाव घालून चूक कबूल केली, डॉक्टरांचं नाव आणि पार्सलाची हकिकत घातली, इंजिनिअरच्या पुस्तिकेचा फोटो दिला, आणि बैठकीत ते वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या नाहीत. भिंगवाले म्हणून आमचे एक सभासद आहेत, ते म्हणाले, "चिटणीस, तुमच्या तक्त्यावरून मी दोन पदकं खोटी ठरवून देऊन टाकली." कुणाला दिली तेही आता त्यांना आठवत नव्हतं. चिटणीसपद मी त्याच दिवशी सोडलं.

अंक घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मुलगी यंत्र थांबवून बसली होती. पार्सलाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बघ ग," ते मुलीला म्हणाले. "केवढा चांगला माणूस! माझी लाज राखायला बिचाऱ्यानं स्वतःच्या नावावर खोटं छापलं."

आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला. मला तो सोडवून घेता आला नाही.